अर्ध्यावर थांबलेला धवला

१९३० सालच्या अक्षयतृतीयेला नीराबाई धवलारीण मांडव्याहून बोटीने मुंबईला गेली आणि तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या मायक्रोफोनसमोर बसून तिने देवांना आवतण दिलं. तिच्या आगरी गावात लग्नाला भटजीच्या आधी धवलारीण लागे. तिने धवला गाऊन देव मांडवात बोलवायचे, चौरंगावर बसवायचे, मगच नवरीला हळद. पण तबकडी पडली तीन मिनिटांची. देव येताहेत तोच कंपनीच्या माणसाने हात वर केला. बोलावलेले देव बसवायचे राहिले, हे तिच्या जिवाला लागून राहिलं. दर अक्षयतृतीयेला ती त्यापायी उपास धरी.

सात वर्षांनी त्याच दिवशी शेजारची कमळ हळदीला पाटावर उभी होती, आणि नीराबाईचा गळा दिवाळीपासून बसलेला. तोंडातून नुसती हवा येई.

"काकी, घोर करू नको. तुजाच गला आनलाय," म्हणत कमळच्या भावाने, हिरामणने, मुंबईहून आणलेल्या फोनोला चावी दिली.

कर्ण्यातून नीराबाईचा खणखणीत आवाज आला. बायकांनी पदर सावरले. एकवीरा आली, खंडोबा आला, दर्यादेव वेशीपाशी पोचला, आणि खर्रर्र!

हिरामणने पिन उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"मेल्या, देव दारात उभं हायेत, आनि तू त्यांना परत घरनं बोलावतोस?" कमळची केसर आत्या करवादली.

हशा पिकला, पण कमळ पाटावरून नीराबाईकडे पाहू लागली. अर्ध्या धवल्यावर हळद लागत नाही. पोरीला तशीच खाली उतरवायची?

नीराबाईने आपल्या सुनेचा, रंगूचा, दंड धरला. आवाज फाटका म्हणून तिनेच सुनेला आजवर मांडवात तोंड उघडू दिलं नव्हतं.

"मी? आत्याबाय, लोक हसतील."

"हसूंदे," नीराबाई पुटपुटली आणि तिने पुढची ओळ रंगूच्या कानात सांगितली.

रंगूने डोळे मिटून ती म्हटली. चिरका, घाबरा आवाज. दुसऱ्या ओळीला बायकांनी साथ धरली. मध्येच तिने खंडोबाच्या आधी दर्यादेवाला बसवलं. केसर आत्याने चमकून पाहिलं. नीराबाईने नुसता हात हलवला: बसला ना, मग झालं.

शेवटचा देव बसला तशी केसर आत्याने हळदीची वाटी पुढे ओढली.

"पाय फुडं कर गो, कमळ."