हंबीररावांचा खंजीर

गडमुडशिंगीत हंबीररावांचा खंजीर ज्याला ठाऊक नाही, तो माणूस परगावचाच समजावा. त्यांच्या कुणा खापरपणज्यानं म्हणे आदिलशाही सरदाराच्या कमरेचा तो हिसकावला आणि त्याच्याच छातीत घातला. दर खंडेनवमीला पूजेच्या वेळी ही कथा व्हायची, आणि दर वर्षी तो सरदार वीतभर उंच व्हायचा! खंजिराला हात लावायचा तो फक्त हंबीररावांनी. बायकोनं, तानाबाईनं, लांबूनच कुंकू टाकायचं. चाळीस वर्षं तिनं तसंच केलं.

तिला त्या कथेतलं काडीचंही पटत नव्हतं. पण नवऱ्याचा जीव त्यात अडकलाय, हे पक्कं माहीत होतं. गुडघे गेले तशी तालीम सुटली, शेत पोरांनी हातात घेतलं, आणि एवढा पैलवान गडी दिवसभर कट्ट्यावर बसून राहिला. मिरवायला उरला होता तो खंजीरच.

चौऱ्याहत्तर साली राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून गावानं मिरवणूक ठरवली. खंजीर पालखीत ठेवायचा, खाली त्याच्या माहितीची पाटी लावायची. "पात्यावर सोन्यात काय लिवलंय तेवढं वाचून आणा की," गाव म्हणालं. झालं! खंजीर फडक्यात गुंडाळून, तानाबाईला संगं घेऊन हंबीरराव एसटीनं कोल्हापुरात, मुजावर सरांच्या दारात हजर. सर कॉलेजात फारसी शिकवून निवृत्त झालेले.  भलतंच काही निघालं तर हा माणूस पार खचेल, हीच तानाबाईला धास्ती.

सरांनी हलक्या हातानं पात्यावरचं कुंकू पुसलं, भिंग लावलं.

"पातं इराणी पोलादाचं दिसतंय. मूठ मागाहून बसवलेली, विजापूरकडची असावी. पण हंबीरराव, हा खंजीर नाही. पातं सरळ, धार एकाच अंगाला. याला कार्द म्हणतात. सुरी."

"सुरी? कसली सुरी?"

सर घुटमळले. "अशी सुरी लढाईतही वापरत. पण ही जेवणाच्या बैठकीतली, फळं कापायची. लिहिलंयच तसं. पुढं लिहिलंय, ही ज्याच्या हाती, त्याच्या दारातून कुणी उपाशी जाऊ नये."

हंबीररावांचं तोंड एवढंसं झालं. तानाबाईला सरांचा असा राग आला म्हणता! जळ्ळं मेलं ते वाचन!

"सर, तुमास्नी नीट दिसलं नसंल की," ती ठसक्यात म्हणाली.

सर शहाणे. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "असेल वहिनी, डोळे थकलेत माझे. पाटीवर तुम्ही सांगाल ते लिहून देतो. सरदार म्हणा, लढाई म्हणा."

तानाबाईचा जीव भांड्यात पडला. पण हंबीरराव म्हणाले, "परत वाचा."

सरांनी परत वाचलं.

"आपल्या दारातनं कोण उपाशी गेलंय व्हय गं?"

"कोण न्हाय."

"बाहात्तरच्या दुस्काळात?"

"तवाबी न्हाय. आंबील तर आंबील, दिलीच की."

"दिली कुणी?"

तानाबाई फडक्याची घडी घालू लागली.

"म्या तर कट्ट्यावर कथा सांगत हुतो," हंबीरराव म्हणाले. मग सरांकडं वळून खणखणीत आवाजात, "सर, सुरी म्हणूनच लिवा. आन् तानाबाईची सुरी, असं लिवा."

 सरांनी आत जाऊन सुरी स्वच्छ धुतली आणि ताटलीत दोन आंबे घेऊन आले. हंबीररावांनी सुरीची मूठ बायकोपुढं केली.

"घे, काप."

"आवं, मी कसा हात लावू त्येला?"

"घे म्हनतो न्हवं!"

तिनं मूठ धरली, आणि सुरी गोडीनं चालली. सवयीनं तिनं पहिली फोड नवऱ्यापुढं धरली.

"आदी तू," ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून नवऱ्याआधी तिनं तोंडात घास घातला नव्हता. एकदा सरांकडं, एकदा नवऱ्याकडं बघत तिनं फोड खाल्ली. डोळे भरून आले. एका हातात सुरी, दुसरा रसानं माखलेला, पुसणार कशानं? हंबीररावांनी आपल्या धोतराचा सोगा उचलला, आणि सरांच्या देखत तिचे डोळे पुसले.