चुलीवर भाळून घेतलेलं घर

नर्सबाईंच्या नवऱ्याने सुट्टीसाठी एक जुनं दगडी घर भाड्याने घेतलं, तेही केवळ त्यातल्या चुलीवर भाळून. बाईंनी दारातच कपाळाला हात लावला. "अहो, लहानपणी चूल फुंकून फुंकून जीव नकोसा व्हायचा माझा! सुट्टीतही तेच?"

"तू काडीलासुद्धा हात लावू नकोस," म्हणत तो फुंकणी घेऊन चुलीपुढे बसला. घरभर धूर झाला, त्याचे डोळे चुरचुरले, नाकाला काजळी लागली. बाई खिडकीशी पाय पसरून नुसत्या सांगत होत्या, "आधी बारीक काटक्या घाला, मग फुंका."

शेवटी एकदाचा चहा उकळला. धुरकट, पण आयता मिळालेला तो चहा बाई चवीचवीने प्यायल्या आणि म्हणाल्या, "आणखी दोन दिवस राहू या का?"