मंगळवारचं दुखणं

विहिरीवरचं इंजिन सकाळी बंद पडलं आणि सात घरांची तोंडं सुरू झाली.

"काल शेवटचं पाणी कोणाचं होतं? त्यानंच वाट लावली!"

"माझं होतं. पण मी हँडल मारण्यापलीकडे काही केलं नाही. तुझ्या भावानं टाकीत काय ओतलं ते आधी विचार."

"भावाचं नाव काढू नकोस, सांगून ठेवतो!"

विहीर सातजणांच्या सामाईक मालकीची, इंजिनही सामाईक, त्यामुळे चूक मात्र कोणाचीच नाही. गव्हाच्या ओंब्यांत नुकता दाणा धरत होता. आठ दिवस पाणी चुकलं तर दाण्याऐवजी फोलपटं हातात येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आवाज जरा जास्तच चढले होते.

काडीआजी विहिरीच्या कठड्यावर बसून हे सगळं मन लावून ऐकत होती. दोन शांत माणसांच्या मध्ये तिला बसवलं तर घटकाभरात दोघं एकमेकांची गचांडी धरतील, अशी तिची ख्याती, म्हणून हे नाव. आज मात्र काडी न लावताच पेटलं होतं. फुकटात मिळालेली करमणूक कोण सोडतं?

खरं म्हणजे तिच्या पोटात राग होता, आणि तो सात महिन्यांचा होता. तिचा मुलगा, ज्याला गाव मिस्त्री म्हणायचं, तुरुंगात होता. पाटबंधारे खात्यानं कालव्याचं पाणी अडवून ठेवलं तेव्हा सगळी विहीरवाली मंडळी कालव्याच्या दाराचं कुलूप तोडायला गेली होती. पोलिसांची गाडी दिसताच बाकीचे ढुंगणाला पाय लावून पळाले. सगळ्यात पुढे सातांपैकीच एक, जीपवाला, कारण त्याची जीप तिथंच उभी होती. मिस्त्रीच्या हातात घण होता, तो तसाच उभा राहिला. दुसऱ्या कोणाचं नाव त्यानं घेतलं नाही. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली आणि बाकीच्यांच्या शेतात पाणी आलं.

तेव्हापासून गाव त्या घराला वाईट बोललं नाही. बोललंच नाही. सून समोरून आली की माणसं रस्ता ओलांडायची. तुरुंग जीपनं तीन तासांवर. एसटी अर्ध्यातच सोडायची, पुढे दीड तास पायपीट. सून दोनदा जाऊन आली. आजीच्या गुडघ्यांना ते जमणं शक्यच नव्हतं. ती तीनदा जीपवाल्याच्या दारात गेली, तिन्ही वेळा त्यानं सांगितलं, "जीप गॅरेजला आहे हो आजी." आणि जीप गोठ्यामागे पोती पांघरून उभी. सात महिन्यांत तिनं पोराचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि ते तिला रोज जेवायला बसताना आठवायचं.

दुपारी तालुक्याचा मेकॅनिक आला. त्यानं इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि डोकं खाजवलं.

"याचा पंप एका कंपनीचा, टाकी दुसऱ्या, आणि हे झाकण तर मला कुकरचं दिसतंय. नळीत हवा धरली असेल म्हणावं, तर हवा काढायचा बोल्ट नुसता शोभेला बसवलाय. ज्यानं हे जोडलं त्यालाच विचारा."

जोडलं होतं मिस्त्रीनं. मेकॅनिक निघून गेला. सून पुढे सरकली. बारा वर्षं तिनं नवऱ्याच्या हातात पाने-पकडी दिल्या होत्या. खरा बोल्ट टाकीच्या खाली, चिंधी गुंडाळलेला, हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिनं वाकायला सुरुवात केली, तोच आजीनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती ताठ उभी राहिली.

"हात लावशील तर याद राख," आजी कानात म्हणाली. मग मोठ्यानं, अगदी दीनवाण्या आवाजात, "आम्हा बायकांना यातलं काय कळतंय बाबा? त्यालाच विचारायला हवं. मंगळवारी भेटीचा दिवस असतो म्हणे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"चिठ्ठी पाठवू की," एकजण म्हणाला.

"पाठव. तिथं तपासून त्याच्या हातात पडायला महिना लागतो. तोवर तू फोलपटं पाखडत बस."

"मग मी जातो," जीपवाला म्हणाला.

"जा ना! खिडकीवरचा शिपाई विचारतो, कैद्याचे तुम्ही कोण? काय सांगशील? कुलूप तोडताना मी शेजारीच होतो म्हणून?"

जीपवाल्याच्या कानापर्यंत रक्त चढलं.

"घरच्यांनाच सोडतात," आजीनं गोड आवाजात सांगितलं. "मी न् सून जाऊ. पण तुझी जीप तर गॅरेजला."

"आली," जीपवाला जमिनीकडे बघत म्हणाला. "कालच आली."

मंगळवारी सकाळी सहाला जीप दारात उभी. वाटभर जीपवाल्यानं आजीकडून इंजिनाच्या आवाजाची तालीम करून घेतली. आधी तीनदा फट्, मग घर्रर्र, मग एक उसासा. आजी मुद्दाम चुकायची. तो गाडी थांबवून पुन्हा आवाज काढून दाखवायचा. रस्त्यावरच्या मेंढ्या बिचकल्या.

तुरुंगाच्या फाटकावर तो बाहेरच थांबला. आत जाळीमागं पोरगा आला. वाळला होता, केस बारीक कापलेले. आजीनं ठरवलं होतं की रडायचं नाही, आणि ती रडली. मग भेटीची वीस मिनिटं आहेत हे आठवून तिनं नाक पुसलं आणि जाळीला तोंड लावून म्हणाली, "फट् फट् फट् घर्रर्र!"

कोपऱ्यातला शिपाई उठून उभा राहिला.

"काय झालं, आई?"

"हे मला नाही झालं. इंजिनाला झालंय. गाव विचारतंय, उपाय काय."

"हवा धरली असेल. पण हिला माहीत आहे की," तो बायकोकडे बघून म्हणाला. बायकोनं मान खाली घातली. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं. मग सात महिन्यांत पहिल्यांदा तो पोट धरून हसला, आणि त्याला बघून बायकोलाही इतकं हसू आलं की शिपायाला दोनदा "हळू, हळू" म्हणावं लागलं.

परत येताना जीपवाल्यानं विचारलं, "काय म्हणाला?"

"अवघड दुखणं आहे म्हणाला. आजच्यापुरतं चालेल एवढा उपाय सांगितलाय. मुळापासूनचा उपाय सांगत होता, तेवढ्यात वेळ संपली बघ."

सुनेनं सगळ्यांना लांब उभं करून चिंधीखालचा बोल्ट सोडला, हवा काढली, आवळला. इंजिन धडधडलं. सात घरांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्याच सोमवारी, भेटीच्या आदल्या दिवशी, ते पुन्हा बंद पडलं.

सुनेला कळायला वेळ लागला नाही. सासूच्या बोटांना डिझेलचा वास येत होता.

"आई, हे बरं नाही. पिकानं आपलं काय वाईट केलंय? आणि त्यात आपलंही शेत आहे."

"एका दिवसानं पीक मरत नाही. मी मोजून केलंय."

"कोणाला कळलं तर?"

"तर काय? बोलणं बंद करतील? ते बंदच आहे. तुला जायचं नसेल तर नको येऊस. मी एकटी जाईन न् त्याला सांगेन, तुझी बायको गव्हाला पाणी घालतेय."

मंगळवारी मात्र सून आजीच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली होती, केस विंचरून.

तिसऱ्या खेपेला तिनंच रविवारी, चूल फुंकता फुंकता विषय काढला. "बोल्ट एवढा ढिला नका करत जाऊ. आटे झिजतील. पाव फेरा पुरे." आजीनं एवढी गुणाची सून आपल्याला मिळाली म्हणून मनातल्या मनात हात जोडले.

असं चार वेळा झालं. हळूहळू गावालाही तुरुंगाची सवय झाली. कोणी म्हणे, आमची कडबा कापायची मशीन खडखडते, विचाराल का? कोणी मिस्त्रीसाठी दोन बनियन दिले. जीपवाल्याची बायको डबा द्यायला दारात आली ती उंबरठ्यावरच बसली, आणि तासभर उठली नाही. दुकानदारानं सुनेला हाक मारून विचारलं, मिस्त्री बरा आहे ना? असं विचारणारा इतक्या महिन्यांत हा पहिलाच.

पाचव्या खेपेचा सोमवार उजाडला. आजी चिंधीच्या कामगिरीवर निघाली होती. विहिरीशी पोचते तर जीपवाला कठड्यावर बसलेला. इंजिन चालू होतं, पाट वाहत होता.

"आजी, आज इंजिन बंद पडणार का?"

"मला काय ठाऊक? मी काय इंजिनाच्या पोटात बसलेय?"

"तसं नाही. मला जीपमध्ये डिझेल भरून ठेवावं लागतं."

आजीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डोळ्याला डोळा देत होता.

"कधीपासून माहीत आहे?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या खेपेपासून. तुम्ही बोल्ट फिरवत होता, मी पाटावर होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" तो म्हणाला. "मिस्त्रीनं कुठं माझं नाव घेतलं?"

आजी त्याच्या शेजारी टेकली.

"बंद पडेल असं वाटतंय," ती म्हणाली. "लक्षणं तशीच आहेत."

"मग उद्या सहाला येतो." जीपवाला उठला, कपडे झटकले, चार पावलं गेला आणि परत वळला. "आणि आजी, एक विनंती आहे. खरोखर बंद पाडू नका. माझ्या गव्हाला अजून एक पाणी राहिलंय. बंद पडलं असं नुसतं म्हणा, मी गावात सांगतो."