चौथ्या दारामागचा सिनेमा

२००८ साली चुंगमुरो या सिनेमावाल्यांच्या पेठेतल्या आमच्या कचेरीत दोनच माणसं उरली होती. मालक ग्वाक साहेब आणि मी. डीव्हीडी लावली की सिनेमाआधी पडद्यावर जो मेन्यू येतो, तो आम्ही बनवायचो. लोक आता सिनेमे इंटरनेटवरून उतरवून घेत. काम आटत चाललं होतं, तरी डोळ्यांची चुरचुर मात्र थांबत नव्हती.

त्या वसंतात एका भुताच्या सिनेमासाठी मी एक जुनं घर रचलं. अंगण, भोवती सहा दारं. बरोबर दार उघडलं तरच सिनेमा सुरू. चुकलं की दार कुरकुरायचं आणि माणूस परत अंगणात. अकरा वर्षांतलं माझं सगळ्यात आवडतं काम.

मग इंचॉनहून मा चोल-ग्यू नावाच्या म्हाताऱ्याची तक्रार आली: सिनेमा लागत नाही. वितरकानं दोनदा डिस्क बदलून दिली. तिसऱ्यांदा प्रकरण आमच्याकडे ढकललं.

"बोक-ही, जाऊन ये बाई," ग्वाक साहेब म्हणाले. "तुझ्याशिवाय पाठवायला आहे कोण आता?"

लिफ्ट नव्हती. चार मजले चढून धापा टाकत बेल वाजवली. भिंत चाचपडत आजोबांनी दार उघडलं, तेव्हा कळलं, त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी तीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टर चालवला. मग मधुमेहानं डोळे नेले. आता ते सिनेमे ऐकायचे.

"पोरी, हे बघ." त्यांनी रिमोट दाबला. खाली, खाली, उजवीकडे. कुरकुर. पुन्हा तेच संगीत. "काल दुपारच्या जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंत हेच ऐकत होतो. डिस्क चांगली आहे, एवढं कळलं. पण दार कुठलं, ते कुणी सांगतच नाही!"

"आजोबा, ते मीच केलंय."

"कुरकुर झकास जमलीय. आता आत ने मला."

मी चौथं दार उघडलं. सिनेमा सुरू झाला. आजोबांनी माझ्यापुढे जवाचा चहा ठेवला. मध्येच विचारत, "आता ती एकटीच आहे ना खोलीत?" सांगता सांगता माझाच डोळा लागला.

"तुझाच सिनेमा आणि तूच घोरतेस!" संपल्यावर त्यांनी मला हलवलं.

पुढच्या सिनेमाच्या डिस्कचा मेन्यू मी वेगळा केला. पहिलंच बटण दाबलं की सिनेमा सुरू. प्रत्येक बटणाचं नाव बोलून सांगणारा आवाज. आवाज माझाच. दुसरं होतंच कोण?

"फारच साधं दिसतंय," वितरकाचा माणूस कुरकुरला.

"साधंच आहे," ग्वाक साहेब म्हणाले. "घेताय की नाही?" वाद घालायचं त्राण दोघांतही नव्हतं. त्यानं घेतलं.

एक प्रत मी इंचॉनला धाडली. आठवड्यानं फोन आला.

"पोरी, एका फटक्यात लागला! पण सिनेमा अगदीच भिकार आहे गं."

"ते माझ्या हातात नाही, आजोबा."

कित्येक महिन्यांनी मी खदखदून हसले. साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामात घातली. त्यानंतर आणखी तीन डिस्का झाल्या. तिन्हींत तोच आवाज ठेवला. शरद ऋतूत आम्ही कचेरी बंद केली.