बन्सीच्या खोलीची पांढरी

"ह्ये काय भरून आणलंस रं धोंडू?" रतनबाईने कमरेवर हात ठेवून विचारलं.

तिच्या अंगणात बैलगाडी उभी होती आणि गाडीत पांढऱ्याशुभ्र चुनखडीचा ढीग होता. गाडीवर बसून आलेल्या धोंडूच्या मिशा, भुवया, कानांच्या पाळ्या सगळं पांढरं झालं होतं. लग्नाआधीच म्हातारपण आलेल्या नवरदेवासारखा तो दिसत होता, पण चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद होता.

"पांढरी," तो म्हणाला. "तुमीच सांगलास ना, आदी पांढरी हाडून टाक म्हणान? चिंचवडच्या भट्टीवरसून हाडलंय. ह्येच्यापेक्षा पांढरी खय गावतली?"

रतनबाईला हसू आवरेना. ओसरीवर बसलेल्या अंबूबाईला, म्हणजे धोंडूच्या बायकोला, नवऱ्याचं नेमकं काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी चुकलंय एवढं नक्की कळलं, आणि तीही पदर तोंडाला लावून हसायला लागली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या गावात झाली. पवनेच्या काठचं आमचं गाव तसं लहान. चिंचवडला चालत जावं, बाजार करून चालत यावं, आणि मधल्या वेळात एकमेकांना हसावं, एवढीच काय ती करमणूक.

आता चूक कुणाची म्हणायची? आमच्याकडे काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गाव. गावठाणाच्या मातीलाच पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, कोंडा असं सगळं मुरून ती मऊ झालेली असते. रंगाने विचाराल तर राखाडीच. पण भिंत धरावी तर पांढरीनेच. धोंडू पडला कुडाळकडचा. लाल मातीत वाढलेल्या माणसाला काळ्या-पांढऱ्याचं हे गौडबंगाल कसं कळावं?

धोंडू देहूरोडच्या लष्करी डेपोत पेट्या उचलायच्या कामावर होता. गेल्या वर्षीच्या शिमग्यापासून तो आणि अंबूबाई रतनबाईच्या ओसरीवर राहत होते. मध्यंतरी तात्याबा पाटलांचा बैल विहिरीत पडला, तेव्हा धोंडूने डेपोतल्यासारखे दोर बांधून तो वर काढला. पाटील खूश झाले आणि त्यांनी ओढ्याकडेचा आपला एक तुकडा त्याला घर बांधायला देऊन टाकला. अंबूबाईने त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं, "मिरगाच्या आदी घर उभा रवला तर मी हयसर रवतलंय. नाय तर मी चललंय गावाक. परक्याच्या ओसरीर आणि एक पावसाळो माज्याच्यान काढूक जावचो नाय."

हे रतनबाईने ऐकलं. सहा घरं पलीकडे ऐकू जाईल असं हसणारी ही पोरगी गेली तर ओसरी पुन्हा मुकी होणार होती. आणि गेलेलं माणूस परत येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

रतनबाई चिखलवाली. नवरा गेनबा गवंडी, तो भिंती रचायचा आणि ही चिखल तुडवायची. मातीत गव्हाचं काड बारीक करून घालायचं, पाणी सोडून आंबू द्यायचं, आंबट वास सुटला की पायाने तुडवायचं, मग साच्यात घालून भेंडे, म्हणजे कच्च्या विटा, पाडायचे आणि उन्हात वाळवायचे. आमच्या गावातली निम्मी घरं तिच्या पायाखालून गेलेली. गेनबा वारल्यावर बाकीचे गवंडी पिंपरीला विटा-सिमेंटच्या कामावर गेले, आणि भिंत रचायला कुणी उरलं नाही म्हणून रतनबाईने स्वतःच ओळंबा हातात घेतला. लोक तरीही तिला चिखलवालीच म्हणत. तीही ओ देत असे.

दुसऱ्या दिवशी ती धोंडूला घेऊन पाटलांकडे गेली. गावाच्या वरच्या अंगाला पडक्या गढीचं टेकाड होतं. तिथली पांढरी हवी तर पाटलांना विचारावं लागे.

"न्हाई," तात्याबा म्हणाले.

"अवो पाटील, जागा तुमीच दिली ना त्याला?"

"जागा माझी हुती, दिली. पांढरी गावाची हाय. ती मी कशी दिऊ? ज्याचं घर पांढरीवर, त्यालाच पांढरी. ही आजची रीत हाय का?"

"आन् पांढरी मिळाल्याबिगार त्याचं घर व्हायचं कसं?"

पाटलांनी पागोट्यात बोट घालून डोकं खाजवलं. घर नाही म्हणून पांढरी नाही, आणि पांढरी नाही म्हणून घर नाही, हा पेच त्यांच्याही ध्यानात आला होता. पण रीत ती रीत. "वढ्याची माती घिऊ द्या की," ते म्हणाले आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

ओढ्याची माती काळी. धोंडूने तिचे भेंडे पाडून पाहिले. दोन उन्हं खाल्ली आणि भेंडे टाचांसारखे भेगाळले. त्या संध्याकाळी अंबूबाईने आपलं गाठोडं काढून त्यात भांडी बांधायला सुरुवात केली. ती हसत नव्हती. रतनबाई चुलीपाशी बसून ते पाहत होती, आणि तिची भाकरी तव्यावर करपली.

तिच्या घराला मागच्या बाजूने एक खोली होती. गेनबाने मुलासाठी, बन्सीसाठी, बांधलेली. बन्सीचं लग्न होईल, सून येईल, म्हणून भिंती चांगल्या हातभर रुंद घेतल्या होत्या. बन्सी नाशिकला छापखान्यात लागला. लग्नही तिकडेच झालं. त्याला विटांचं क्वार्टर होतं. दिवाळीला यायचा तेव्हा नाकाला रुमाल लावून खोलीत बसायचा आणि म्हणायचा, "आई, डोक्यात माती पडते." तरी रतनबाई दर आठवड्याला ती खोली सारवायची आणि कुलूप लावायची. अंबूबाईला तिने ओसरी दिली होती, चूल दिली होती, पण ती खोली दिली नव्हती. ती बन्सीची होती.

सकाळी धोंडू उठला तो पहारीच्या आवाजाने. रतनबाईने कुलूप काढलं होतं आणि ती खोलीच्या मागच्या भिंतीवर घाव घालत होती.

"कौलं उतरव आधी," ती त्याला म्हणाली. "बघत काय बसलास?"

बातमी पाटलांच्या वाड्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? तात्याबा वहाणा फटकारत आले. त्यांच्यामागे निम्मं गाव.

"रतने, खुळी झालीस व्हय? पोराची खोली पाडतीस?"

"पाटील, ही भित कशाची हाय?"

"पांढरीची."

"कुणी दिली पांढरी?"

"आमच्या बानं दिली, गेनबाला."

"मग आता माझी का गावाची?"

तात्याबांनी भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आगं, पण त्यास्नी ऱ्हायलाच दे की खोली. पाडतीस कशाला?"

"ऱ्हायला दिली तर भाडेकरी हुत्याल," रतनबाई म्हणाली. "माती दिली म्हंजी गावकरी झालं. तुमीच म्हनला, ज्याचं घर पांढरीवर त्यालाच पांढरी. माझं घर पांढरीवर हाय. माझी पांढरी मी माझ्या माणसाला देती. रीत मोडली का सांगा."

लोक हसले. पाटलांनी कडक चेहऱ्याने सगळ्यांकडे पाहिलं, मग त्यांनाही हसू फुटलं. "न्हाई मोडली," ते म्हणाले. "पार वाकवलीस मातूर."

जुन्या भिंतीची ढेकळं फोडून ओढ्याकडे नेली. माती भिजवली. त्यात काड घालायला घेतलं, तर रतनबाईला मातीत जुनं काड दिसलं. गेनबाने घातलेलं, इतक्या वर्षांनी अजून पिवळंधमक. तिने चार काड्या तळहातावर घेतल्या. "आमच्या धन्याच्या हातचं हाय," ती अंबूबाईला म्हणाली. मग तिने ते परत चिखलात टाकलं आणि वरून नवं काड पसरलं.

चिखल आंबल्यावर तुडवायच्या दिवशी खरी मजा झाली. अंबूबाईने कासोटा घातला आणि ती अशी काही उतरली की बाया बघतच राहिल्या. भाताच्या चिखलणीत वाढलेले पाय ते, चिखलाला ओळखत होते. ती कोकणातलं लावणीचं गाणं म्हणायची आणि आमच्या बाया ओवीने उत्तर द्यायच्या. कुणाला कुणाचं कळत नव्हतं, पण पाय एका तालावर पडत होते.

तात्याबा काठावर उभे राहून बराच वेळ सूचना देत होते. शेवटी त्यांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि म्हणाले, "पांढरी हाय, गावाचा पाय लागाय पायजे." दोन पावलं टाकली आणि पाटील बसकण मारून सपशेल चिखलात बसले. धोंडूने त्यांना काखेत हात घालून उचललं.

"बैलापेक्षा हलके आसास," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याला गावात परका कुणी म्हटलं नाही. अशी गोष्ट जो पाटलांना बोलू शकतो तो गावचाच.

मृगाच्या आधी भिंती उभ्या राहिल्या. रतनबाईने त्या ओळंब्यात रचल्या, वरून शेणमातीचा गिलावा अंबूबाईने केला. आतून बोटांनी तिने पानाफुलांची नक्षी ओढली. आणि ती चुनखडी? तिची सफेती झाली. सगळ्या गावात धोंडूचं घर तेवढं पांढरं दिसे आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "मी सांगलंय नव्हता, पांढरीच होई?"

दिवाळीला बन्सी आला. रतनबाई कितीतरी दिवस मनात उत्तरं जुळवत होती. तो रागावला तर काय बोलायचं, रुसून परत निघाला तर कसं थांबवायचं. बन्सीने पिशवी ठेवली, मागचं दार उघडलं, आणि समोर उघडं आभाळ बघून क्षणभर थबकला.

"खोली कुठं गेली?"

"धोंडूच्या घराला दिली. माती." तिने बाकीची उत्तरं तोंडाशी आणून ठेवली.

"बरं केलंस," बन्सी म्हणाला. लगेच म्हणाला. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा त्याचा आवाज हलका झाला होता. "तुझंही सारवायचं काम कमी झालं, आई."

रतनबाईला तो हलकेपणा ऐकू आला. तिने मुलाकडे पाहिलं. त्याच्या कानशिलावर केस पिकायला लागले होते.

"व्हय," ती म्हणाली. "काम कमी झालं." आणि तिने त्याला चकली वाढली.

दुपारी बन्सी अंबूबाईचं घर बघायला गेला. तिकडून तिचं हसणं ऐकू येत होतं. रतनबाईने बादलीत शेण कालवलं आणि ती मागे गेली. भिंती गेल्या होत्या, पण खोलीची जमीन तशीच होती, कडा साफ, चौकोनी. तिने पदर खोचला आणि पलीकडच्या कोपऱ्यापासून सारवायला घेतलं. हात फिरवत, पाय न उमटवता, मागे मागे सरकत आली. शेवटचा हात झाल्यावर ती उठली. चारी बाजूंनी मोकळं होतं, कुठूनही बाहेर पडता आलं असतं. पण ती दाराच्या जागेतूनच बाहेर आली.