नळीतला विगांड

आमच्या जर्मन कारखान्यात बंदुकीच्या नळ्या सरळ करायचं काम ओटोमारकडे होतं. खिडकीच्या गजाकडे नळी रोखायची, आत पडलेली सावलीची रेघ बघायची, रेघ वाकडी दिसली की हातोडीचा एक ठोका. त्याच्या डोळ्यावर सगळ्यांचा विश्वास, स्वभाव मात्र खडूस.

१९४२च्या हिवाळ्यात रशियनांची एक बंदूक आमच्या हाती लागली. एक गोळी उडाली की दुसरी आपोआप भरणारी. तशी आमचीही होती, पण नळीला भोक पाडायला वरून सक्त मनाई, भोकाने नळी कमजोर होऊन वाकते म्हणे, म्हणून आम्ही नळीच्या तोंडाशी टोपण बसवून गोळीमागचा धूर पकडायचो, त्याच्याच जोरावर पुढची गोळी भरायची. टोपण काजळीने भरायचं आणि बंदूक अडकायची. ओटोमारचा मुलगा विगांड आघाडीवर तीच घेऊन उभा होता. रशियनांनी खुशाल नळीलाच भोक पाडलं होतं.

"चाचणीत टिकली तर आपणही अशीच करू," इंजिनियर लुट्स म्हणाले. "पहिली तुमच्या पोराला, ओटोमार."

"आधी नळी बघू द्या, साहेब. उगाच तोंडाची वाफ दवडू नका."

त्याने झाडणाऱ्याच्या बाजूने नळी डोळ्याला लावली. आत खिडकी नव्हती. बर्फ होता, आणि बर्फात विगांड. गुडघ्यावर बसून अडकलेली बंदूक खेचत होता. नळी बरोबर त्याच्या छातीवर रोखलेली होती. थोड्याच वेळात चाचणीत हिच्यातून गोळ्या झाडणार होते!

बापच तो, दुसरं काय करणार? त्याने हातोडी उचलली आणि नळी वाकवली. नेहमीसारखाच आवाज झाला, कुणी मानही वर केली नाही.

चाचणीत एकही गोळी अडकली नाही, पण एकही निशाणावर लागली नाही.

"वाकली!" लुट्स हताश होऊन म्हणाले. "भोकानेच वाकली. वरचे म्हणत होते तेच खरं. राहू द्या, आपली टोपणवालीच पुढे चालू."

खरं सांगावं तर फाशी, आणि नळी पुन्हा सरळ होऊन विगांडच्या छातीवर येणार. ओटोमारने ती ओढून घेतली आणि डोळ्याला लावली.

विगांड जिवंत होता. गोळ्या कुठेतरी बाजूला गेल्या होत्या. तो अजून बंदूक खेचतच होता, आणि त्याच्या मागून बर्फातून रशियन माणसं येत होती. सावकाश, काही घाई नसल्यासारखी.

"टाक ती, विगांड! पळ!" ओटोमार नळीत ओरडला.

सगळ्या कारखान्याने माना वर केल्या. पोरगा खेचतच राहिला.