दादाच्या गाडीत दादाचंच इंधन

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. त्याचा इथेनॉलचा कारखाना. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायची सक्ती व्हावी म्हणून सरकारदरबारी चपला झिजवणाऱ्यांत हा पहिला. आता माल हमीभावानं उचलला जातो. गाड्यांचं मायलेज घटलं, पंपावरचा भाव मात्र तसाच. लोकांच्या खिशातून गळलेलं कुठं साचलं, ते कारखान्यावर चढलेल्या मजल्यांकडे बघून आंधळ्यालाही कळेल.

माझं गॅरेज. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या या मिश्रणानं चिकट होऊन फाटतात, हे मी नळी हातात देऊन गिऱ्हाइकांना दाखवायचो. दादानं भर सभेत सांगितलं, "माझा भाऊ पेट्रोलमध्ये रॉकेल घालतो आणि खापर इथेनॉलवर फोडतो." गिऱ्हाईक आटलं. जागा त्याच्या नावावर, कुलूपही त्यानंच घातलं. आई वर मलाच म्हणाली, "मोठा आहे तो, गप बस."

बसलो. दातओठ खात.

मग नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला मंत्री यायचा ठरला. दादाला बापाच्या वेळची गाडी चालवत मंडपात शिरायचं होतं. आमच्या इंधनावर म्हातारी गाडीसुद्धा पळते, हे दाखवायला. त्या गाडीची नस मलाच ठाऊक, म्हणून बोलावणं आलं. भाऊच तो, जाणार कुठं, असा त्याचा समज.

"बिनमिसळीचं पेट्रोल भर," तो हळूच म्हणाला. "वेगळं मागवलंय. हिला नेहमी तेच घालतो."

"आणि लोकांना?"

"लोकांचं मला सांगू नको. पाना उचल."

उचलला. नेहमी तेच, म्हणजे टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गंज आणि चिकटा तसाच बसलेला. इथेनॉल तो सुटा करून पुढं फिल्टरमध्ये ढकलतं. दादाचा स्वतःचा पेट्रोलपंपही आहे; मी तिथंच गेलो आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं टाकी गळ्यापर्यंत भरली.

मंत्र्यासमोर गाडी खोकली, गचके खात मेली. कॅमेरे वळले. मी बॉनेट उघडलं तसा दादा घाम पुसत जवळ आला.

"काय भरलंस?"

"तुझंच. भाषणातलं."

"बॅटरी गेली म्हण. उद्या गॅरेजची किल्ली देतो."

किल्ली हवी होती मला, खोटं कशाला बोलू. पण माझ्यावर रॉकेलचा आळ घेणारं ते तोंड बघितलं आणि फिल्टर काढून मंत्र्याच्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर आपटला. लाल चिखल सांडला.

"दादानं या गाडीत स्वतःचं इंधन कधी घातलंच नव्हतं," मी माइकजवळ जाऊन म्हणालो. "आज पहिल्यांदा घातलंय. ते पण मी."

मागं कुणीतरी हसलं. मग सगळा मंडप. पहिल्या रांगेत आई होती, तिच्याकडे मी बघितलंच नाही.

गॅरेजचं कुलूप अजून तसंच आहे. मी त्याच्याच समोर फुटपाथवर हत्यारांची पेटी मांडून बसतो. गिऱ्हाईक नळ्या घेऊन येतं. झोप झकास लागते.